नॅचरल आहे गं, काही होत नाही!

हे वाक्य या आठवड्यात तुम्ही किमान एकदा तरी ऐकलं असणार. पँट्रीत कॉफी घेताना, कॅबमध्ये, पार्लरच्या खुर्चीत... कुणीतरी पर्समधून एक चिमुकली काचेची बाटली काढतं, मनगटावर दोन थेंब सोडतं आणि जाहीर करतं, ‘यात केमिकल अजिबात नाही हं!’ मग बाकीच्यांची मनगटंही आपोआप पुढे येतात.

माझं तर मनगटही पुढे होतं आणि बाटलीही माझीच होती!

झालं असं, की गेल्या वर्षी पुण्यातल्या एका प्रदर्शनात टाइमपास करत फिरत होते. एका स्टॉलवर ‘शुद्ध रोशा तेल’ असं लेबल लावलेल्या बाटल्या दिसल्या. बूच उघडलं, वास घेतला आणि मी थेट घरी पोचले. घरी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात. गुलाबासारखा गोड, पण मागून किंचित झणका मारणारा वास. हा तर आमच्या आजीच्या गुडघ्यांचा वास!

आमच्याकडे या गवताला तिखाडी म्हणतात. पुस्तकात रोशा गवत, तेलाच्या बाजारात पामारोजा आणि शास्त्रज्ञांच्या वहीत सिंबोपोगॉन मार्टिनाय. आपल्या गवती चहाचं हे सख्खं चुलत भावंड. टिपेश्वरच्या वाघांमुळे आता तुम्हाला आमचा भाग ऐकून तरी माहीत असेल. तिथल्या सागाच्या रानात, मुरमाड उतारांवर ही तिखाडी आपोआप उगवते. पावसाळा संपता संपता तिला तुरे येतात. तुरा तळहातावर चुरगळला, की हात दिवसभर घमघमतो.

लहानपणी त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. पुण्यात मात्र एकदम नॉस्टॅल्जिया वगैरे! पैसे मोजले, बाटली घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून परफ्यूमला सुट्टी. रोज सकाळी दोन थेंब मानेवर, दोन मनगटावर. तेही नुसतं, कशातही न मिसळता. कुणी विचारलं, की कॉलर ताठ करून सांगायचे, ‘आमच्या गावच्या जंगलातलं आहे बॉस!’

खलनायक कोण?

पहिला आठवडा मस्त गेला. दुसराही बरा चालला होता. मग एके रात्री मान खाजायला लागली. सकाळी लाल चट्टे, संध्याकाळपर्यंत बारीक पुरळ. मी लगेच आरोपी पकडला. आदल्या दिवशी घातलेला ऑक्सिडाइज्ड नेकलेस! तो कचऱ्यात गेला आणि ‘त्वचेला थंडावा मिळावा’ म्हणून मी चट्ट्यांवर काय लावलं असेल? बरोब्बर. तिखाडीचं तेल.

पुढचे चार दिवस मी स्कार्फ गुंडाळून मीटिंगा केल्या. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी औषध देऊन पुरळ शांत केलं. मग काही आठवड्यांनी पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक चौकोनात एकेक संशयित. अठ्ठेचाळीस तास पाठ भिजवायची नाही. मग पट्ट्या काढून वाचन आणि दोन दिवसांनी पुन्हा एकदा वाचन. याला म्हणतात पॅच टेस्ट. ‘फ्रॅग्रन्स मिक्स’ नावाच्या चौकोनाखालची कातडी लालबुंद झाली होती. या मिक्समध्ये सुगंधी वस्तूंमधले आठ नेहमीचे घटक असतात. ते सुटे सुटे तपासले तेव्हा नाव निघालं जिरॅनिऑल. तिखाडीच्या उत्तम तेलात साधारण पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही जास्त हेच असतं.

नेकलेस निर्दोष सुटला, पण तोवर तो महापालिकेच्या गाडीत होता!

डॉक्टरांनी मग दोन गोष्टी समजावल्या. पहिली, ही अ‍ॅलर्जी लगेच दिसत नाही. आधी शरीर त्या पदार्थाची ओळख करून घेतं, त्याला दहा-पंधरा दिवस किंवा कधी कधी कित्येक वर्षंही लागतात. ओळख झाल्यावरसुद्धा पुरळ एक-दोन दिवसांनी उठतं. म्हणून आपण हमखास चुकीचा आरोपी पकडतो. दुसरी गोष्ट जरा बोचरी होती. एकदा ओळख पटली, की ती बहुधा जन्मभराची. गावच्या गवताशी माझं नातं असं पक्कं झालं!

घरी येऊन बाथरूममधल्या बाटल्या उलट्या करून वाचल्या. हँडवॉश, कंडिशनर, बॉडी लोशन... इम्पोर्टेड मालावर बारीक अक्षरांत जिरॅनिऑल लिहिलेलं. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर मात्र नुसतंच ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’. त्या एका शब्दाच्या पोटात काय काय आहे, हे ओळखण्याचं काम आपलं.

युरोपात हा प्रश्न त्यांनी कायद्याने सोडवायला घेतला. 2005 पासून तिथे जिरॅनिऑलसह 26 सुगंधी घटकांची नावं लेबलवर वेगळी छापावी लागतात. अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमध्ये 0.001 टक्क्यांहून जास्त आणि धुऊन टाकायच्या साबण-शाम्पूमध्ये 0.01 टक्क्यांहून जास्त असेल तर. 2023 मध्ये ही यादी वाढवून 80 च्या पुढे नेली. गंमत म्हणजे हा घटक निसर्गातून आलाय की कारखान्यातून, हे कायदा विचारत नाही. कारण आपली कातडीही विचारत नाही.

गवताची वर्ल्ड टूर

आता माझं डोकं चालायला लागलं. हे जिरॅनिऑल आहे तरी कोण? शोधायला बसले आणि मानेची खाज विसरून गेले, इतकी भन्नाट स्टोरी निघाली.

1871 मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळा केला. कशातून? भारतातून गेलेल्या गवताच्या तेलातून! गुलाबात हा आहे, जिरेनियममध्ये आहे, सिट्रोनेलात आहे. पण पहिल्यांदा पकडला गेला तो आपल्या गवतात. नाव मात्र मिळालं जिरेनियमचं. कारण आपलं तेल तेव्हा परदेशात ‘इंडियन जिरेनियम ऑइल’ म्हणून विकलं जायचं. म्हणजे मेहनत रोशाची आणि नाव भलत्याचंच!

त्या काळी खानदेश, निमाड, बैतूल, वऱ्हाड या पट्ट्यात रानातल्या ओढ्याकाठी भट्ट्या लागायच्या. मोठ्या हंड्यात गवत आणि पाणी, खाली जाळ, वाफ नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. वर तरंगेल ते तेल. ते मुंबईला जायचं, मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांवर आणि तिथून तुर्कस्तानात. तिथे त्याचं काय व्हायचं? महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ! गुलाबाच्या वासातही जिरॅनिऑल असल्यामुळे ही चोरी नाकाला चटकन पकडता यायची नाही. युरोपात तर या तेलाला ‘टर्किश जिरेनियम’ असंच नाव पडलं होतं. तुर्कस्तानात एक काडीही न उगवता!

आज साबण, परफ्यूम, अगरबत्ती, पीच किंवा रासबेरीच्या स्वादाच्या गोळ्या, सगळीकडे जिरॅनिऑल असतं. मधमाश्यासुद्धा ते अंगातल्या एका ग्रंथीत बनवतात आणि त्या वासाने सख्यांना ‘पोळं इकडे आहे गं’ असा निरोप देतात. डासांना मात्र हा वास आवडत नाही, त्यामुळे मच्छर पळवणाऱ्या ‘हर्बल’ स्प्रेमध्येही ते असतं.

आणि बाजारातलं बरंचसं जिरॅनिऑल गवतातून येतच नाही. टर्पेंटाइनमधल्या पाइनीनपासून ते कारखान्यात बनवतात. दहा कार्बन, अठरा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. गवतातलं हेच आणि कारखान्यातलंही हुबेहूब हेच. आता सांगा, यातलं ‘नॅचरल’ कुठलं आणि ‘केमिकल’ कुठलं?

केमिकल म्हणजे काय रे भाऊ?

इथे जरा सीरियस होते. कारण मी यवतमाळची आहे आणि आमच्या जिल्ह्यात ‘केमिकल’ हा शब्द हसण्यावारी नेता येत नाही.

2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर यायचा. वर कडक ऊन, पाठीवर पंप, दोन-तीन कीटकनाशकं एकत्र कालवलेली. बहुतेकांकडे ना मास्क, ना हातमोजे. विष श्वासातून गेलं, कातडीतून गेलं.

आमच्याकडे कीटकनाशकाला काय म्हणतात माहितीये? ‘औषध’. औषध मारलं, औषध आणलं. त्या शब्दानेच अर्धी भीती घालवून टाकलेली असते.

तिखाडीच्या तेलाची आणि त्या विषाची बरोबरी मी अजिबात करत नाहीये. एकाने माझ्या मानेला खाज आणली, दुसऱ्याने घरं उजाड केली. पण त्या पुरळानंतर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. बाटलीवरचा शब्द आपल्याला प्रश्न विचारू देत नाही. तिकडे ‘औषध’ आणि इकडे ‘नॅचरल’. दोन्ही शब्द ऐकले, की आपण विचारायचं विसरतो, किती घ्यायचं? कुठे लावायचं? कुणी लावायचं नाही?

हे प्रश्न विचारणारी एक बाई आमच्या घरात होती. मी तिलाच फोन करायला विसरले होते.

चट्ट्यांची कथा ऐकून आजी फोनवर ओरडलीच, ‘मानेले कच्चं लावलं? अवं पोरी, थे तिखाडी हाये, अत्तर नोहे! वाटीभर तिळाच्या तेलात बुचभर टाकतेत थे. अन् लेकराच्या अंगाले तं नोको म्हणजे नोकोच!’

वाटीभर तेलात बुचभर म्हणजे किती? मी मापून पाहिलं. साधारण दोन ते तीन टक्के. सुगंधी तेलं अंगाला लावायची तर साधारण एवढीच पातळ करावीत, असं आज त्यातले जाणकार सांगतात. चौथीपर्यंत शिकलेली आमची आजी हे सत्तर वर्षं बुचाने मोजत आलीये. आणि मी? मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊन शंभर टक्के लावत होते!

मग वापरायचं की नाही?

वापरा ना. घाबरवायला हा कॉलम लिहिलेला नाही. बहुतेकांना या तेलाचा काहीही त्रास होत नाही. फक्त हे थोडं लक्षात ठेवा.

कुठलंही सुगंधी तेल कच्चं लावू नका. 30 मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दहा-बारा थेंब म्हणजे साधारण दोन टक्के, तेवढे पुरे. चेहऱ्यासाठी त्याहून कमी. नवीन मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावा, दिवसातून दोनदा, आठवडाभर. एका तासात काही झालं नाही म्हणजे पास, असं नसतं, हे माझ्या मानेला विचारा. खाज आली तर थांबा. ‘शरीरातलं टॉक्सिन बाहेर पडतंय’ असं कुणी सांगितलं तर आधी त्याचं ऐकणं थांबवा.

जुनी बाटली फेकायला जीव होत नाही ना? पण जिरॅनिऑल हवेत राहिलं, की हळूहळू बदलतं आणि त्यातून बनणारे पदार्थ जास्त अ‍ॅलर्जी देतात. म्हणून बूच घट्ट, बाटली गडद रंगाची, जागा थंड आणि सावलीची. वास बदलला, की निरोप द्यायचा. बाथरूमच्या खिडकीत चार वर्षं शोभेला ठेवलेली बाटली ही शोभेचीच वस्तू.

डोळ्यांपासून कटाक्षाने दूर. शुद्ध जिरॅनिऑल डोळ्याला गंभीर इजा करू शकतं. चुकून गेलंच तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि तसेच डॉक्टर गाठा.

पाण्यात दोन थेंब टाकून पिण्याचं फॅड तर विसराच. गोळीत किंवा आइस्क्रीममध्ये स्वादासाठी जिरॅनिऑल चालतं, पण ते कणभर असतं. कणभर खाल्लेलं चालतं म्हणून चमचाभर पिऊ नये. मीठही त्या हिशेबात बसत नाही! तान्ह्या बाळांना लावू नका, गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. घरात मांजर असेल तर बंद खोलीत डिफ्यूझर लावून ठेवू नका, कारण अशी तेलं पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजरांकडे कमजोर असते.

आणि डास? डेंग्यूच्या सीझनमध्ये नुसत्या सुगंधावर विसंबू नका. ही तेलं पटकन उडून जातात. 2002 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका प्रयोगात सिट्रोनेलाच्या तेलाचे रिपेलंट वीस मिनिटंही टिकले नव्हते. सिट्रोनेलाच्या तेलातही जिरॅनिऑल असतंच. त्याच प्रयोगात सुमारे 24 टक्के डीट असलेल्या रिपेलंटने पाच तास डासांना लांब ठेवलं. नाक खूश होणं वेगळं आणि डास न चावणं वेगळं.

हे सगळं वाचून तिखाडीवर कृपया रागावू नका. कोरडवाहू शेतकऱ्यांना सुगंधी गवतं लावायला मदत करणाऱ्या सीएसआयआरच्या अरोमा मिशनमध्ये रोशा गवत आहे आणि ज्या भागांसाठी ते आखलं त्यात विदर्भही आहे. लखनौच्या सीमॅप संस्थेने तृष्णा, तृप्ता, वैष्णवी अशा तिच्या जातीही काढल्यात. नावं अगदी मैत्रिणींच्या ग्रुपसारखी! कमी पाण्यात तग धरणारं हे पीक उद्या आमच्याकडच्या कुणाच्या घरात दोन पैसे जास्त आणणार असेल, तर त्याच्या तेलाबद्दल खोटं कौतुक नको आणि खोटी भीतीही नको.

जाता जाता...

दिवाळीला घरी गेले होते. रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी गार वारा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला पांढराशुभ्र कापूस. संध्याकाळी आजी पाय पसरून बसली. वाटीत तिळाचं तेल, त्यात बुचभर तिखाडी. गुडघ्यांना तेल चोळायचं काम लहानपणापासून माझं. ते दुसऱ्या कुणाला द्यायला मी तयार नव्हते आणि नुसत्या हाताने करायची सोय उरली नव्हती.

मग पुण्याहून आणलेले निळे हातमोजे काढले आणि चढवले.

आजी बघतच राहिली. ‘हे काय वं? फवारा माराले चालली का तू?’

मी हसले. तीही हसली. मग तिचं हसू हळूच ओसरलं. त्या पावसाळ्याची आठवण आमच्या गावात कुणी मोठ्याने काढत नाही. थोड्या वेळाने तिने वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, ‘घालत जाय माय. त्यायनं बी घातले असते तं...’

पुढे ती बोलली नाही, मीही बोलले नाही. तेल कोमट होतं. अंगणभर तिखाडीचा वास पसरला होता आणि मला तो अजूनही तितकाच आवडतो, फक्त चार बोटं लांबून.

तेव्हा पुढच्या वेळी पँट्रीत कुणी बाटली काढून म्हणालं, ‘नॅचरल आहे गं, काही होत नाही,’ तर मनगट पुढे करा बिनधास्त. फक्त आधी आमच्या आजीचा प्रश्न विचारा. वाटीभर तेलात बुचं किती?